डोळ्यात स्टेरॉइड दिल्यानंतर वाढलेला दाब: देवगडहून तपासण्या कशा सांभाळाव्यात?

सड्यावरची, देवगड

नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची आहे, तिला १८ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या दीड वर्षापासून उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आहे. सुरुवातीला कोल्हापूरच्या एका रुग्णालयात तिला बेव्हासिझुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाची डोळ्यात पाच इंजेक्शने झाली; प्रत्येक वेळी सूज थोडी उतरायची आणि दीड महिन्यात पुन्हा भरायची. म्हणून गुढीपाडव्याच्या आठवड्यात डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी डोळ्यात सोडली. तिचा गुण चांगला आला. पंचांगाच्या रकान्यातली तिथी आई आता स्वतः वाचते, आणि स्कॅनमध्येही सूज बरीच ओसरलेली दिसते.

अडचण दाबाची आहे. कांडी घालण्यापूर्वी उजव्या डोळ्याचा दाब १६ (मिलिमीटर पाऱ्यात) होता, आठवड्यानंतर १७ होता आणि सहाव्या आठवड्यात गेलो तेव्हा तो ३१ निघाला. डावा डोळा १५ वरच आहे. डॉक्टरांनी टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिन एकत्र असलेले थेंब सकाळ-संध्याकाळ घालायला सांगितले आणि पंधरा दिवसांनी बोलावले आहे.

आमची परिस्थिती अशी की आंब्याचा हंगाम अजून आटोपलेला नाही, भाऊ मुंबईला असतो आणि कोल्हापूरला जायचे म्हणजे पहाटे निघून घाट चढायचा व रात्री उशिरा घर गाठायचे. पाऊस लागला की घाटात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो. त्यात आईचे एकच म्हणणे आहे, "माका डोळो दुखना नाय, मगे घाट चढान कित्याक जावचा?" शिवाय गेले चार-पाच दिवस तिला रात्री धाप लागते आहे आणि दम्याचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागतो आहे, त्यामुळे प्रवासाचे नाव काढले तरी ती नको म्हणते. हवा बदलल्यामुळे तसे होत असावे.

मला विचारायचे आहे ते असे. आठवड्यानंतर ठीक असलेला दाब दीड महिन्याने कसा वाढला, आणि तो किती काळ वाढलेला राहतो? मधल्या तपासण्या कणकवलीला करून घेतल्या तर चालतील का? हे थेंब आता जन्मभर घालावे लागणार का? माझ्या मामांनाही काचबिंदू आहे, म्हणून काळजी अधिक वाटते.

चष्मा-तपासनीस, रत्नागिरी

ताई, तुमच्या प्रश्नांकडे मी मागाहून येतो. आधी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे लक्ष वेधणे मला भाग आहे. आईंना दमा आहे, थेंबांत टिमोलॉल आहे आणि धाप लागायला सुरुवात झाली ती थेंब सुरू झाल्यानंतर, असे तुमच्या मजकुरावरून दिसते. हे हवेमुळे झाले असे कृपया गृहीत धरू नका. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातील औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तेथील नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातो आणि दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आकसू शकतात. नाडीही मंदावू शकते. बाटली एवढीशी असली तरी हा परिणाम लहान नसतो. दम्याच्या रुग्णाला हे औषध देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेले असते.

म्हणून आज संध्याकाळचा थेंब घालण्यापूर्वी कोल्हापूरला फोन करा आणि "आईला दमा आहे, थेंबांत टिमोलॉल आहे, पाच दिवसांपासून धाप लागते आहे" एवढी तीन वाक्ये सांगा. फोन लागला नाही तर आईंच्या दम्याचे औषध जे डॉक्टर देतात त्यांच्याकडे ती बाटली घेऊन आजच जा. बोलताना त्यांचे वाक्य पुरे होत नसेल किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर कोणाच्याही फोनची वाट न पाहता त्यांना जवळच्या रुग्णालयात न्या. मात्र दाबाचे औषध एकदम बंद करून नुसते बसून राहू नका. ३१ चा दाब तसाच सोडण्यासारखा नाही. टिमोलॉल नसलेले पर्याय आहेत आणि डॉक्टर ते फोनवरूनही बदलून देऊ शकतील.

आता कणकवलीच्या तपासणीविषयी. दाब मोजणे हे माझे रोजचे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो. हवेचा झोत मारणारे यंत्र सोयीचे असते, पण दाब वाढलेला असताना त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये. डोळा बधिर करून, पिवळा रंग लावून, निळ्या प्रकाशात बुबुळाला हलकेच टेकवून मोजतात ती पद्धत अधिक भरवशाची. कणकवलीला असे मोजणारे नेत्रतज्ज्ञ मिळाले तर मधल्या तपासण्या तेथे करण्यास हरकत नसावी, मात्र कोल्हापूरच्या डॉक्टरांना तसे आधी विचारून घ्या. प्रत्येक वेळी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर मोजा आणि कागदावर आकड्याबरोबर तीन गोष्टी लिहून मागा: कोणत्या पद्धतीने मोजला, किती वाजता मोजला आणि शेवटचा थेंब केव्हा घातला होता. दाब दिवसभर सारखा नसतो. सकाळी नऊचा आकडा एकीकडे आणि दुपारी चारचा दुसरीकडे असे ठेवून तुलना केली, तर औषध लागू पडले की नाही हे कोणालाच नीट सांगता येत नाही. बुबुळाची जाडीही एकदा मोजून घ्या. ती साधारण ५४० मायक्रॉन असते, त्याहून जाड असल्यास आकडा खोटा जास्त येतो आणि पातळ असल्यास खोटा कमी.

थेंब घालण्याच्या रीतीबद्दलही सांगतो, कारण माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक माणसांचा थेंब गालावर तरी ओघळतो किंवा घशात तरी जातो. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा, डोळा मिटावा आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर, जेथे अश्रुनलिकेचे तोंड असते तेथे, तर्जनीने दोन मिनिटे दाबून धरावे. पापण्यांची उघडझाप करू नये. याने औषध डोळ्यात जास्त टिकते आणि रक्तात कमी जाते. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि चार आठवड्यांनी ती टाकून द्या, मग आत औषध उरलेले असो वा नसो.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, चिपळूण

टिमोलॉलबद्दल वर लिहिले आहे ते अगदी रास्त आहे आणि ते काम आधी करावे. मी दाबाच्या मूळ प्रश्नाविषयी लिहितो. मात्र हे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे, आईंचा डोळा पाहणाऱ्या डॉक्टरांचा शब्द यापेक्षा वरचा मानावा.

डोळ्यात सतत पाण्यासारखा द्रव तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीदार ऊतीतून तो बाहेर झिरपत असतो. या दोहोंचा मेळ बसतो तोवर दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान राहतो. स्टेरॉइडमुळे त्या जाळीच्या पेशींची ठेवण बदलते, जाळीत नको ते पदार्थ साचू लागतात, साफसफाई मंदावते आणि निचऱ्याला अडथळा होतो. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाणी मागे तुंबावे तसे हे आहे, आणि ते एका दिवसात होत नाही. इंजेक्शननंतर काही मिनिटे दाब वाढतो तो वेगळा. आत जास्तीचे औषध शिरल्यामुळे तो वाढतो आणि बहुधा तासाभरात उतरतो. आठवड्यानंतरची तपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत होणे ही चूक म्हणूनच फार जणांच्या हातून होते, कारण खरा दाब त्यानंतर चढायचा असतो.

आईंच्या डोळ्यात सोडलेली कांडी सुमारे ६ मिलिमीटर लांबीची, तांदळाच्या दाण्याहून बारीक असते आणि तिच्यात ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असते. ती आपोआप विरघळत जाते, काढावी लागत नाही. तिच्यामुळे वाढणारा दाब साधारण दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि बहुतेकांत सहा महिन्यांपर्यंत पूर्वीच्या पातळीवर येतो. म्हणजे आईंचा ३१ हा आकडा अगदी अपेक्षित वेळी आलेला आहे. सुमारे तिघांतल्या एकाला दाबाचे थेंब लागतात. शस्त्रक्रियेची वेळ शंभरात एखाद्यावर क्वचितच येते. तेव्हा थेंब जन्मभर घालावे लागतील असे आज मानण्याचे कारण नाही. दाब उतरला की डॉक्टर एकेक औषध कमी करत नेतील. स्वतःहून मात्र कमी करू नका.

ट्रायअॅमसिनोलोन हे दुसरे स्टेरॉइड डोळ्यात दिलेले असेल तर दाब वाढण्याचे प्रमाण थोडे अधिक असते. फ्लुओसिनोलोनची जी कांडी सुमारे तीन वर्षे औषध सोडत राहते, तिच्यात दाबासाठी शस्त्रक्रिया लागणाऱ्यांची संख्या बरीच जास्त आहे. ज्याच्या डोळ्याने छोट्या मुदतीच्या औषधालाच दाब वाढवून उत्तर दिले, त्याला तीन वर्षांची कांडी देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. आईंच्या कागदावर "स्टेरॉइडने दाब वाढतो" असे ठळक अक्षरांत लिहून घ्या. याचा अर्थ पुन्हा स्टेरॉइड कधीच नाही असा नव्हे. सूज दुसऱ्या कशानेही उतरत नसेल तर दाबाचे औषध आधीपासून चालू ठेवून तीच कांडी पुन्हा देता येते आणि पुष्कळांना ती दिली जाते.

किती दाबाला काय करायचे याचे एक गणित सर्वांना लागू पडत नाही. डोळ्याची नस निरोगी असेल आणि दाब पंचविशीच्या आत असेल तर काही आठवडे नुसती नजर ठेवणेही योग्य ठरते. तिशी ओलांडल्यावर थांबत नाहीत. आणि नस आधीच खंगलेली असेल तर २२ सुद्धा जास्त ठरू शकतो. म्हणून आकड्याबरोबर नसेचा स्कॅन आणि नजरेच्या परिघाची चाचणी एकदा करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला आधार राहील. आईंच्या भावांना काचबिंदू आहे, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. काचबिंदू असलेले आणि त्यांचे जवळचे नातलग यांच्यात स्टेरॉइडने दाब वाढण्याची प्रवृत्ती अधिक असते. जास्त उणे नंबरचा चष्मा असलेल्यांतही ती आढळते. त्या न्यायाने तुम्ही आणि तुमच्या भावानेही डोळ्यांचा दाब एकदा तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

एक पुरवणी. दम्याच्या पंपातही बहुधा स्टेरॉइड असते. त्याचा डोळ्यावरील परिणाम कांडीच्या मानाने थोडा, आणि पंप बंद करणे धोक्याचे, म्हणून तो चालूच ठेवावा, पण नेत्रतज्ज्ञांना त्याचे नाव कळवावे. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्णासाठी दुकानातून परस्पर आणलेली मलमे सर्रास लावली जातात. त्यांतील पुष्कळांत तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहऱ्यावर किंवा पापणीजवळ महिनोन्‌महिने असे मलम लावून दोन्ही डोळ्यांचा दाब वाढवून घेतलेली तरुण मुले मी पाहिलेली आहेत, आणि त्यांपैकी एकालाही आपण डोळे बिघडवतो आहोत याची कल्पना नव्हती.

खाडीपलीकडचा, गुहागर

ताई, आपल्या आई म्हणतात, डोळा दुखत नाही तर कशाला जायचे. मीही अगदी हेच म्हटले होते, म्हणून लिहितो आहे. ते आपण त्यांना वाचून दाखवलेत तर मला बरे वाटेल.

माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्यातील शीर तुंबली होती आणि त्यासाठी ट्रायअॅमसिनोलोन दिले होते. आठवड्याने दाब १८ होता. नजर सुधारली. हातातल्या कागदावर खाली "पुन्हा दाखवावे" एवढेच लिहिलेले होते. केव्हा, ते लिहिलेले नव्हते, आणि मीही विचारले नाही. पुढे गणपती आले, मग भातकापणी आली, आणि डोळा तर स्वच्छ दिसत होता. चार महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेलो तेव्हा दाब ४४ निघाला. मला एकदाही दुखले नव्हते, डोळा लाल झाला नव्हता, डोके जड झाले नव्हते.

नंतर नजरेच्या परिघाची चाचणी झाली. त्या यंत्राच्या पांढऱ्या वाटीसारख्या पोकळीत हनुवटी टेकवून बसतात आणि ठिपका चमकलेला दिसला की हातातले बटण दाबायचे असते. यंत्रातून बारीक टिकटिक ऐकू येत होती. आवाज येत राहिला, पण वरच्या बाजूला मला काहीच दिसले नाही आणि माझा अंगठा बटणावर नुसताच थांबून राहिला. तेथे बसल्या बसल्याच मला सारे समजले. छापून आलेल्या कागदावर वरचा नाकाकडचा भाग काळा होता. लेझरने फारसा फरक पडला नाही, शेवटी शस्त्रक्रिया करून पाण्याला नवी वाट करून द्यावी लागली. आता दाब १३-१४ असतो, पण गेलेली नजर परत आली नाही. दिंडी दरवाजातून आत जाताना वरची चौकट मला दिसत नाही, मी हाताने चाचपून वाकतो.

आमच्या घरी आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तपासणीच्या तारखा सून आधीच लाल शाईने मांडून ठेवते आणि त्याच चौकटीत निघालेला आकडा लिहिते. इंजेक्शन झाल्याच्या दिवशीच दुसऱ्या, सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या आठवड्याची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची, असा आम्ही नियम केला आहे. हंगाम, लग्नकार्य किंवा पाऊस मध्ये आला तर तारीख दोन-तीन दिवस पुढे-मागे होते, पण टळत नाही.

सड्यावरची, देवगड

आपणा तिघांनाही कसे उत्तर द्यावे हे कळत नव्हते, म्हणून सर्व स्थिरस्थावर होईपर्यंत थांबले. आज तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

रत्नागिरीच्या दादांचे उत्तर मी दुपारी वाचले आणि त्याच वेळी कोल्हापूरला फोन केला. डॉक्टरांनी ते थेंब तत्काळ थांबवायला सांगितले आणि त्याऐवजी नुसते ब्रिमोनिडिन व सोबत डोर्झोलामाइड लिहून दिले. डोर्झोलामाइड देण्यापूर्वी सल्फाच्या गोळ्यांची कधी ॲलर्जी आली होती का, हे त्यांनी दोनदा विचारले. आईला ती नाही. तिसऱ्या रात्रीपासून आई सलग झोपू लागली आणि पंप पूर्वीइतकाच लागतो आहे. मी जुना केसपेपर काढून पाहिला तेव्हा "इतर आजार" या ओळीपुढे माझ्याच अक्षरात फक्त "मधुमेह" लिहिलेले सापडले. डोळ्याच्या दवाखान्यात दम्याचे काय सांगायचे, असे मला त्या वेळी वाटले होते. डॉक्टरांकडूनही विचारायचे राहिले, आणि त्याचे मला वाईट वाटले, पण ती ओळ मी अर्धी भरली होती हेही खरे आहे. आता आईच्या सर्व औषधांची यादी, पंपासकट, फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे.

कणकवलीला बुबुळाला टेकवून दाब मोजणारे डॉक्टर मिळाले. औषध बदलल्यानंतर दहाव्या दिवशी दाब २३ आला आणि काल, त्याच वेळेला व त्याच यंत्रावर, १९. दोन्ही कागदांचे फोटो कोल्हापूरला पाठवले. नसेचा स्कॅन सुदैवाने चांगला आहे. बुबुळाची जाडी ५५२ निघाली. माझाही दाब तपासला, तो १५ आहे. भाऊ मुंबईत तपासून घेणार आहे.

गुहागरच्या काकांचे पत्र मी आईला पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवले. दिंडी दरवाजापाशी आल्यावर तिने मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. काल कणकवलीला जाताना ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती.

दोन लहान शंका उरल्या आहेत. नव्या थेंबांनंतर तिला तोंड कडू लागते आणि दुपारी फार झोप येते, हे चालेल का? आणि आमच्याकडे वीज गेली की चार-चार तास येत नाही. अशा वेळी औषध बिघडते का?

चष्मा-तपासनीस, रत्नागिरी

धाप थांबली हे वाचून फार बरे वाटले. कडू चव डोर्झोलामाइडची, आणि झोप व कोरडे तोंड ब्रिमोनिडिनचे. डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरण्याचे काम नीट झाले तर दोन्ही कमी होतील. तरीही झोप फारच येत असेल किंवा उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना कळवा. ही दोन्ही औषधे साध्या खोलीच्या तापमानात राहतात, फक्त उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. पुढे कधी लॅटानोप्रोस्ट हे दाबाचे दुसरे थेंब दिले, तर न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. आपल्या वैशाखात घरातील हवा त्याहून गरम असते, म्हणून ती उघडल्यावरही फ्रिजच्या दारातच ठेवलेली बरी. वीज गेली तर फ्रिज उघडू नका, चार तासांत आतला गारवा जात नाही.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, चिपळूण

१९ चा आकडा औषध चालू असतानाचा आहे, हे ध्यानात ठेवावे. कांडीचा असर अजून काही आठवडे राहणार आहे, त्यामुळे पुढची तपासणी तीन-चार आठवड्यांच्या आत हवी आणि औषधे कमी केल्यानंतर आणखी एक, कारण उतरलेला दाब औषधाने उतरला होता की आपोआप, हे तेव्हाच कळते. डॉक्टरांनी मध्येच दाब उतरवणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या सुचवल्या तर आधी आईंच्या मूत्रपिंडाची रक्ततपासणी दाखवा; इतक्या वर्षांच्या मधुमेहात ते पाहिल्याशिवाय त्या गोळ्या देऊ नयेत. आणि पुढे कधीही डोळ्यात इंजेक्शन झाल्यावर पहिल्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर एकदम अंधुक झाली, तर तो दाबाचा नव्हे तर जंतुसंसर्गाचा प्रकार असू शकतो. त्या वेळी कणकवली किंवा कोल्हापूर असा विचार न करता रात्र असली तरी निघावे.

सड्यावरची, देवगड

आषाढी एकादशीच्या आधीच्या मंगळवारची कणकवलीची वेळ घेतली आहे आणि श्रावणात एकदा कोल्हापूर. दोन्ही तारखा लाल शाईने लिहिल्या आहेत.